तीन दिवसांत शिष्य



'शिष्य घडवण्याच्या व्यावहारिक पद्धती' असल्या नावाची तीन-तीन दिवसांची शिबिरं हल्ली आपल्या मराठी चर्चांमधून जोरात चालू आहेत. बेळगावात होतात, कोल्हापूर-मिरजेकडे होतात, बडोद्याचे आमचे व्याही सांगतात तिकडेही होतात. हॉल, प्रोजेक्टर, फोल्डर, पेन, दुपारचं जेवण, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट. मी दोन शिबिरं सकाळच्या प्रार्थनेपासून समारोपाच्या फोटोपर्यंत बसून ऐकली आहेत, त्यामुळे ऐकीव बोलत नाही. माझं मत स्पष्ट आहे. ही पद्धत चुकीची आहे, आणि तिचा खर्च आपण न विचारता शेजाऱ्यांच्या नावावर टाकतोय.

ह्या ग्रुपवरच्या काही मंडळींनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. विश्वास दुसऱ्याला सांगूच नये, असं मी म्हणत नाही. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास आजोबांपासून आहे, आणि तो कोणीतरी सांगितला म्हणूनच आला. ज्याला खरोखर काही चांगलं सापडलं तो ते सांगणारच. वारकरी सांगत नाही का? प्रश्न कसं सांगायचं, कोणी सांगायचं आणि कशासाठी, एवढाच आहे.

त्या फोल्डरबद्दल आधी सांगतो. पहिल्याच पानावर दहा ओळी. 'तुमच्या प्रभावाच्या वर्तुळातील दहा तारण न पावलेल्या व्यक्तींची नावे लिहा.' पुढे रकाने: भेट झाली, मैत्री बांधली, साक्ष दिली, प्रार्थना केली, निर्णय घेतला. प्रत्येक रकान्यात तारीख. महिन्याच्या शेवटी रिपोर्ट वर पाठवायचा. 'मैत्री बांधली!' अहो, मराठीत घर बांधतात, मोट बांधतात, दावणीला म्हैस बांधतात. मैत्री होते, जमते, जडते. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली, का तर खेड्यातल्या बाईला ते कळावं म्हणून. १९२२ साली काम पुरं होता होताच त्या गेल्या. त्यांच्या पश्चात शंभर वर्षांनी आपण हे असलं मराठी छापून वाटतो.

आता मी कॉमर्सचा माणूस, छत्तीस वर्षं बँकेत काढली. हे रकाने बघितल्यावर मला पवित्र आत्मा आठवला नाही, मार्च एंडिंग आठवलं. वरून टार्गेट यायचं, इतकी खाती उघडा. मग स्टाफच्या मेव्हण्या-भाच्यांची, शिपायाच्या चाळीतल्या सगळ्यांची खाती उघडायची. ३१ मार्चला आकडा फुगायचा, साहेब खूश. दोन वर्षं त्यात एकही व्यवहार झाला नाही की खातं इनऑपरेटिव्हच्या यादीत. आणि ती यादी निस्तरायला परत आम्हीच. आकडा खोटा नव्हता बघा, प्रत्येक खात्यामागे फॉर्म होता, फोटो होता, सही होती. फक्त खातेदार नव्हता.

त्याच बँकेत पूर्वी एक चांगली रीत होती. नवीन खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची ओळखसही लागायची. सही करणाऱ्याचं स्वतःचं खातं आधी नीट चाललेलं असावं लागायचं, आणि तो त्या माणसाला खरंच ओळखत असावा लागायचा. कितीतरी वेळा लोक म्हणायचे, "साहेब, ह्याला मी बाजारात बघतो, पण सही नाही करणार." मला शिबिरात राहून राहून वाटत होतं की ह्या पोरांना तोंडपाठ वाक्यं शिकवण्यापेक्षा कोणीतरी विचारावं, तुझं स्वतःचं खातं चालू आहे का?

आमच्या मंडळीतल्या एका पोराने शिबिराच्या यादीत आमच्या शेजारच्या वहिनींचं नाव लिहिलं. पोरगा वाईट नाही, उत्साही आहे. त्याने पुढे 'नवऱ्याच्या आजारपणामुळे मन हळवे' असा शेराही टाकला. फोल्डर कुठेतरी राहिला, फिरत फिरत वहिनींच्या मुलाच्या हाती गेला. मुलगा भांडायला आला नाही. नुसता कागद आमच्या टेबलावर ठेवून गेला. चाळीस वर्षं दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट यायचं आणि नाताळला आमच्या करंज्या-चकल्या तिकडे जायच्या. भाऊंना दवाखान्यात आमच्या हिनं किती वेळा डबा नेला असेल. त्या वर्षी ताट आलं नाही. मला वहिनींचा राग आला नाही. त्यांनी काय समजावं? की चाळीस वर्षांचे डबे हे 'मैत्री बांधली' ह्या रकान्यातले होते? आमच्या हिला ते जास्त लागलं. ती म्हणाली, "आता मी डबा नेला तरी तो डबा राहिला नाही."

शिबिरवाल्यांना मी हे सांगितलं. उत्तर मिळालं, "काका, विरोध होणारच, छळ सोसावा लागतो." हा छळ नव्हे हो! ह्याला विश्वासघात म्हणतात, आणि तो आपल्या बाजूने झाला.

ह्या गोष्टी आपल्या भागात नवीन नाहीत. गोव्याचं बघा. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. इथली भाषा शिकला, संतांच्या ओवीचं वळण आत्मसात केलं, आणि १६१६ साली राचोलला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून झालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. येण्यापासून छापण्यापर्यंत सदतीस वर्षं! त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनही चालू होतं. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, कशामुळे ते ह्या ग्रुपवरच्या किती घरांना मी सांगायला हवं? ज्यांचं कुलदैवत तिथलं आहे त्यांना ते पाठ आहे. एकाच वेळी, एकाच धर्माच्या नावानं, एकाच गोव्यात दोन रस्ते चालू होते. साडेचारशे वर्षांनी शेजाऱ्याच्या घरात कोणता रस्ता आठवणीत राहिला? म्हणून म्हणतो, आपल्याला स्टीफन्सची पुण्याई मिळालीय तशी दुसऱ्या रस्त्याची उधारीही मिळालीय. ती फेडल्याशिवाय नवीन कर्ज कसलं काढता?

आमच्या बेळगावातलेच बाबा पदमनजी. १८३१ चा जन्म, कासार घराणं, मिशनच्या शाळेत शिकले, मुंबईला जाऊन शिकले, वाचलं, वाद घातले, मागेपुढे झाले. १८५४ साली बेळगावातच बाप्तिस्मा. 'यमुनापर्यटन' लिहिणारे ते हेच. आपला सगळा मनोव्यापार त्यांनी 'अरुणोदय' ह्या आत्मचरित्रात लिहून ठेवलाय. त्यात तीन दिवसांत काही झाल्याचं कुठे दिसत नाही.

आणि नारायण वामन टिळक. आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटतो, गप्पा होतात, तो नवा करार हातात ठेवतो आणि आपल्या स्टेशनावर उतरून जातो. नाव नाही, पत्ता नाही. पुढे टिळक स्वतः वाचतात, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकतात, घरच्यांशी, जातीशी, स्वतःशी झगडतात, आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतात. त्या गोऱ्या माणसाच्या फोल्डरमध्ये 'निर्णय घेतला' हा रकाना कोराच राहिला असता. शिबिराच्या हिशेबानं तो नापास.

लक्ष्मीबाईंचं तर विचारूच नका. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला नाही. मध्ये ताटातूट झाली, माहेरचे-सासरचे लोक, मुलगा, उपास, सोवळं, सगळं. काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावर, स्वतःच्या पायांनी त्या आल्या. 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रुपवर बहुतेकांनी वाचलंय, बरेच जण हिंदू घरातले, आणि वाचताना कोणाला असं वाटलं का की ही बाई आपल्याला ओढतेय? मला विचाराल तर मराठीत त्याहून मोठी साक्ष झालेली नाही, आणि त्यात साक्ष देण्याचा आव कुठेही नाही.

टिळकांनी १९१७ साली साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे शिष्य असावेत ही त्यांची कल्पना. मिशनऱ्यांपैकी अनेकांना ती झेपली नाही. टिळक १९१९ ला गेले आणि दरबार विस्कटला. पण शिष्य ह्या शब्दाचा अर्थ त्या माणसाला कळला होता. आपल्याकडे शिष्य म्हणजे गुरूच्या घरी राहणारा, पाणी भरणारा, गुरूला रागावलेला-थकलेला बघणारा. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात बारा जणांना निवडलं तेव्हा पहिलं कारण काय दिलंय? त्यांनी त्याच्याबरोबर असावं. पाठवणं त्याच्यानंतर. आणि गुरू साक्षात प्रभू असूनही शेवटच्या रात्री निकाल काय लागला? एकानं विकलं, एकानं ओळख नाकारली, बाकीचे पळाले. तेव्हा सर्टिफिकेट वाटताना जरा दमानं घ्या.

मग शिकवायचं काय, असं पाळकसाहेबांनी मला विचारलं. रास्त प्रश्न आहे, नुसती टीका करून चालत नाही.

एक शुभवर्तमान शिकवा. मार्काचे सोळा अध्याय आहेत, आठवड्याला एक घेतला तर चार महिने. मोठ्यानं वाचायचं, अडलं तर अडलं म्हणायचं. आमच्या पोरांना 'चार पायऱ्यांत तारण' पाठ आहे, पण मार्कात कुष्ठरोग्याला हात लावल्यावर पुढे काय झालं ते माहीत नाही. गाणं शिकवा. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, टिळकांनी अभंग दिले, 'उपासना संगीत' घराघरात आहे. माझ्या लहानपणी कीर्तन असलं की अंगणात अर्धी गल्ली हिंदू असायची. कोणी कोणाचं नाव लिहून घेत नव्हतं, ऐकायचे, चहा प्यायचे, चाल कशी बसली त्यावर बोलायचे, घरी जायचे. आता कीबोर्ड आणि ड्रम, इंग्रजीवरून उलथवलेली गाणी, आणि शेजारी खिडकी लावून घेतो. गोंगाटामुळे हो, धर्मामुळे नाही!

आणि गप्प बसायला शिकवा. पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं, असा उपदेश आहे. म्हणजे आधी कोणीतरी विचारलं पाहिजे. विचारावंसं वाटेल असं आपल्या जगण्यात काय आहे, ह्याचा वर्ग कोणी घेत नाही, कारण तो घ्यायला माणूस मिळत नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. मदत आणि विश्वास ह्यांची सांगड कधीही घालायची नाही. शाळेतला प्रवेश, औषध, नोकरी, रेशन, ह्यातलं काही देताना पत्रक पुढे करायचं नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याचा 'निर्णय' मागायचा नाही. आणि कोणी बाप्तिस्मा मागितलाच तर पहिल्यांदा त्याच्या आईवडिलांना, बायकोला माहीत आहे का ते विचारायचं, आणि थांबायचं. मला कोणी घाबरट म्हणेल. म्हणू दे.

कायद्याचं भय म्हणून मी हे बोलत नाही, तरी कायदा आहेच. मध्य प्रदेशात १९६८ पासून, गुजरातेत २००३ पासून, आमच्या कर्नाटकात २०२२ मध्ये आला. घटनेच्या २५व्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, आणि १९७७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. प्रौढ माणसानं कोणाला भजावं हे आधी कलेक्टरला कळवावं लागावं, हे मला अजिबात मान्य नाही, आणि मी ते कुठेही सांगेन. पण ज्यांना आपल्यावर आरोप करायचेत त्यांना नावांची छापील यादी, तारखा आणि शेऱ्यांसकट, आपणच तयार करून द्यायची? ह्याला काय म्हणावं.

आता आपल्या जुन्या, स्थिरावलेल्या ख्रिस्ती घरांबद्दल. शिबिरांना हसणारे आपणच पहिले. "आमचा धर्म आमच्या घरात" असं आपण मोठ्या सभ्यपणे सांगतो. पण घरात तरी आहे का? नातवंडं बंगळूर-पुण्याला, मराठी बायबल वाचता येत नाही, दृढीकरणाचा वर्ग उरकला की चर्चचं तोंड लग्नाला बघायचं. "आजोबा, आपण ख्रिस्ती का झालो?" असं नातवानं विचारलं तर किती आजोबांकडे पाच मिनिटांचं खरं उत्तर आहे? शिबिरवाला पोरगा चुकीचं का होईना, काही सांगायला तळमळतो. आपण तळमळतही नाही. त्याला फोल्डर परदेशातून आला, कारण आपल्या कपाटातलं आपण त्याला कधी काढून दिलं नाही.

म्हणून सध्या दर गुरुवारी संध्याकाळी सातला आमच्या पुढच्या खोलीत मार्क वाचतो. दार उघडं असतं. फोल्डरवाला पोरगाही येतो, पेटी बरी वाजवतो. एकूण सहा-सात जण असतो, रिपोर्ट कोणाला जात नाही. कीर्तन परत बसवायचं आहे, पण आख्यानं मिळत नाहीत. अहमदनगर, सोलापूर, इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठेही कोणाच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या हातच्या ख्रिस्ती कीर्तनाच्या वह्या असतील तर कृपा करून वाळवी लागायच्या आत पानांचे फोटो काढून इथे टाका. मोडीत असलं तरी चालेल, मला मोडी येते.