टाचेतले चार थेंब

‘बाळासाठी १६ कोटींचं इंजेक्शन हवंय’ अशा बातम्या आपण गेल्या काही वर्षांत वाचल्या. स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी या दुर्मिळ आजारासाठी लोकांनी भरभरून पैसे दिले. आमच्या मंडळातही डबा फिरला. दुर्मिळ आजारांसाठी केंद्राचं धोरण २०२१मध्ये आलं, २०२२मध्ये मदतीची मर्यादा ५० लाखांवर गेली. पण १६ कोटींपुढे ती किती पुरणार?

मैत्रिणींनो, सगळेच जन्मजात आजार मात्र इतके महाग नसतात. काही बाळांची थायरॉइड ग्रंथी जन्मापासूनच नीट काम करत नाही. बाळ गोंडस दिसतं, झोपून राहतं, फारसं रडत नाही. आजी कौतुकाने म्हणते, ‘किती गुणी गं!’ आणि इकडे मेंदूची वाढ खुंटत असते. ते नुकसान मग भरून येत नाही. उपाय काय, तर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेली रोजची साधी गोळी. आणि निदान? दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे चार थेंब!

अमेरिकेत डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत रुजवली. आपल्याकडे अजूनही प्रत्येक बाळाची अशी तपासणी होत नाही. वर्गणी जरूर द्या. पण प्रत्येक प्रसूतिगृहात ही चाचणी व्हावी, असा आग्रहही धरूया. बाळंतविड्याची यादी आपण आधीच करतो ना? त्यात पहिल्या ओळीत लिहा : टाचेची तपासणी.