शेजार उठून गेला, चर्च राहिलं



आम्हा वफ्राकरांना शहरात जायचं म्हणजे शंभरेक किलोमीटरची रपेट. शेतं आणि तेलविहिरी मागे टाकून समुद्रकाठी किब्ला भागात पोचलं, की नॅशनल असेंब्लीजवळ एक जुनी इमारत दिसते. लोक तिला 'अमेरिकानी' म्हणतात. त्याच जुन्या मिशनच्या आवारात नॅशनल इव्हँजेलिकल चर्च आहे. या वेळी त्याचीच हकिकत सांगतो.

मिरजेचं मिशन हॉस्पिटल आपल्याला घरच्यासारखं. डॉ. वानलेस यांनी ते १८९४ साली उभं केलं. इथली गोष्टही त्याच वळणाची. अमेरिकेतल्या रिफॉर्म्ड चर्चच्या मंडळींनी १८८९ साली अरेबियन मिशन काढलं. पुढे शेख मुबारक यांनी त्यांच्या डॉक्टरांना कुवेतमध्ये बोलावलं. १९१२ साली डॉ. एलेनॉर कॅल्वर्ली आल्या आणि इथल्या बायकांना प्रथमच बाई डॉक्टर मिळाली. १९१४च्या सुमारास पुरुषांचं इस्पितळ झालं, १९१९ साली बायकांचं. १९२० साली जहराची लढाई झाली, तेव्हा जखमींना डॉ. मायलरी यांच्याकडेच आणलं. चर्चची इमारत उठली ती मात्र १९३१ साली. म्हणजे आधी औषध, मग प्रार्थनाघर!

तेव्हाचा किब्ला म्हणजे मातीची घरं, अरुंद बोळ आणि मुंबई-मलबारला जाणाऱ्या गलबतांचे मालक नि खलाशी. मग तेलाचा पैसा आला. सरकारने जुनी घरं चांगल्या भावाने विकत घेतली, माणसं नव्या वसाहतींत गेली, १९५७ साली गावकूसही पाडलं. सरकारी दवाखाने निघाले आणि १९६७ साली मिशनचं इस्पितळ बंद झालं. शेजार गेला, रोगीही गेले. आता चर्चमध्ये येणार कोण?

आले ते आपल्यासारखेच, पोटासाठी आलेले परदेशी! अरबी, इंग्रजीबरोबर मल्याळम, तमिळ, तेलुगू अशा कितीतरी भाषांतल्या मंडळ्या त्या एका आवारात वेळ वाटून घेऊन प्रार्थना करू लागल्या. एकीचं आटोपलं की दुसरी आत. १९९९ साली रेव्हरंड इमॅन्युएल गरीब यांच्या रूपाने पहिले कुवेती पाळकही झाले. इस्पितळाच्या वास्तूत २०११पासून सांस्कृतिक केंद्र आहे, पण नाव अजून 'अमेरिकानी'च.

इकामा संपला की आपणही बोचकं बांधणार. इथे आपल्या मालकीची वीटसुद्धा नाही. सण आला की हॉल शोधण्यापासून सुरुवात! म्हणून आम्हाला या आवाराचं अप्रूप वाटतं. ते टिकलं ते जागा वाटून घेतल्यामुळे, आणि नाव राहिलं ते शेजाऱ्याच्या दुखण्याला धावून गेल्यामुळे. आपण गेल्यावर एखादा कुवेती शेजारी आपलं नाव कशासाठी काढेल? गणपतीच्या वर्गणीबरोबर यंदा याचाही विचार व्हावा, इतकंच.