हाताला गुण, हाताला वळण

मराठीत हाताची वाखाणणी करण्याच्या दोन रीती आहेत. लचकलेला पाय चोळून मोकळा करणाऱ्याच्या, बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या ‘हाताला गुण आहे’ असे आपण म्हणतो. ज्याचे अक्षर सुबक, ज्याने खडूच्या चार रेघांत बैल उभा केला, त्याच्या ‘हाताला वळण आहे’ असे म्हणतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी असणे दुर्मिळ नाही. अशा माणसाला सरळ रस्त्याने पोट भरता येणे मात्र दुर्मिळ आहे, आणि बीडसारख्या जिल्ह्यात तर फारच.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्र सरकारने पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. हाताने काम करणाऱ्यांची नोंद करायची, त्यांना प्रशिक्षण द्यायचे, अवजारांसाठी १५ हजार रुपये द्यायचे आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज द्यायचे, अशी ही योजना. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, गवंडी, शिंपी, परीट, न्हावी, हार गुंफणारे, मासेमारीची जाळी विणणारे, बाहुल्या-खेळणी करणारेसुद्धा. यादी चांगलीच आहे. पण तिच्यात पाट्या रंगवणारा पेंटर नाही आणि मालिश करणाराही नाही. न्हाव्याच्या चंपीपर्यंत ही यादी कशीबशी पोचते, असे फार तर म्हणता येईल.

आता ज्याला चित्राचे वेड आहे आणि जो पोटासाठी मालिश करतो, अशा माणसाने स्वतःची नोंद कुठे करायची? असा माणूस भेटला की ‘याने आयुष्यात किती धंदे बदलले!’ असे आपण हसत म्हणतो. तो धरसोड करतो, असा त्यामागे अर्थ असतो. त्याने धंदे का बदलले, हे विचारायला मात्र आपण थांबत नाही. एकेक वळण तपासून पाहिले तर बहुतेक ठिकाणी त्याने रस्ता सोडलेला नसतो, रस्ताच बंद झालेला असतो.

रेघेचा रस्ता

सुरुवात शाळेपासून करावी लागते. महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन परीक्षा आजही खेड्यापाड्यांतली मुले देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द ज्यांच्या कानावर आयुष्यात एकदाच पडतात, ते याच परीक्षांच्या निमित्ताने. गेवराई, केज, धारूरकडच्या एखाद्या मुलाला ‘तुझा हात चांगला आहे’ हे पहिल्यांदा कोणी सांगितलेले असते? तर शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी. घरात सांगणारे कोणी नसते, कारण घरातली माणसे दसरा-दिवाळीनंतर उसाच्या फडावर गेलेली असतात. अलीकडे इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून या परीक्षांना गर्दी वाढली. ती चित्रासाठी किती आणि गुणांसाठी किती, हे पालकांनीच मनाशी ठरवावे.

पूर्वी या मुलाला एक मळलेली वाट होती. दहावी-बारावीनंतर कलाशिक्षक पदविका, म्हणजे ए.टी.डी., करायची आणि एखाद्या संस्थेच्या शाळेत चिकटायचे. पगार, मान, आणि उन्हाळ्याच्या सुटीत स्वतःचे चित्र. मराठवाड्यातल्या कितीतरी चित्रकारांची निम्मी हयात अशीच गेली आणि ती वाईट गेली नाही. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. हा कायदा अनेक अंगांनी मोलाचा आहे, यात शंका नाही. पण त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तेही पटसंख्या शंभरावर असेल तरच, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांकरिता ‘अंशकालीन निदेशक’ सांगितला आहे. अंशकालीन हा शब्द नीट पाहावा. पूर्णवेळचा मास्तर गेला आणि तासाचा निदेशक आला. जिथे वाड्या-तांड्यांवरच्या शाळांत शंभर मुले मिळणे मुश्कील, तिथे तोही आला नाही.

मास्तरकी मिळाली नाही तर दुसरी वाट होती पेंटरकीची. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर ‘अमुक आर्ट्स’ अशी टपरी. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची कमळे, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, निवडणुकीत दोन्ही पक्षांची चिन्हे एकाच ब्रशाने. या धंद्यात तालीम जबरदस्त होती. हुसेनसारखा पंढरपुरात जन्मलेला चित्रकार मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवत होता. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा घडवला. पेंटर हे त्यांचे आडनावच होऊन बसले.

हा धंदा फ्लेक्सने मारला. दोन हजारच्या दशकात तालुक्यातालुक्याला छपाईची यंत्रे आली आणि आठवड्याचे काम तासावर आले. वाढदिवसाच्या फलकावर पन्नास चेहरे मावू लागले, तेव्हा एक चेहरा दोन दिवस रंगवणाऱ्याला कोण थांबवून घेणार? काहींनी संगणक शिकून त्याच यंत्रासमोर बसणे पत्करले. बाकीचे पुण्याच्या गाडीत बसले.

इथे एक आठवण द्यायला हवी. ज्या अंबाजोगाईहून ही गाडी सुटते, तिथेच सोळाव्या-सतराव्या शतकात दासोपंतांनी कागद पुरेना म्हणून की काय, लांबच लांब कापडावर ‘पंचीकरण’ लिहून काढले. त्यांची ‘पासोडी’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. अक्षर आणि कापड यांचा असा संसार ज्या गावाने पाहिला, त्या जिल्ह्यात हाताला वळण असणारी माणसे निपजतात याचे नवल नको.

तेलाचा रस्ता

पुण्याला किंवा मुंबईला गेलेला हा मुलगा मालिशीकडे कसा वळतो? बाहेरून पाहता दोन कामांचा संबंध नाही. पण बीडच्या मुलाला मालिश परकी नसते. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला, तेव्हा जिल्ह्याला आपल्या लाल मातीचा आठव आला. जिथे तालीम आहे तिथे रगडा आहे. धाकट्या पठ्ठ्याने थोरल्याचे अंग तेलाने चोळायचे, वस्तादाने कुठे दाबायचे आणि कुठे नुसता हात फिरवायचा ते दाखवायचे, हे शिक्षण कुठल्याही प्रमाणपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पदक जिंकणाऱ्याचा फोटो छापून येतो. त्याचे खांदे मोकळे करणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, सियाचिनला राहिला आणि मग २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकला. अशा धावपटूंच्या पोटऱ्यांवर रोज कोणाचे तरी हात राबतात. भारतीय क्रीडा प्राधिकरण अलीकडे ‘मसाज थेरपिस्ट’ या नावाने जागा काढते, हे चांगले लक्षण आहे. पण त्या जागा कराराच्या असतात.

बायकांची कथा वेगळी. जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये आली आणि बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. झाले ते उत्तमच झाले. त्याने जीव वाचतात. सुईणीचे निम्मे काम गेले, निम्मे उरले. आईला शेक, बाळाला तेल, धुरी, हे आजही तिच्याकडेच आहे आणि त्याचा मोबदला बहुतेक ठिकाणी साडी-चोळी आणि वर थोडे पैसे असा ठरतो. त्याच बाईची मुलगी शहरात जाऊन तेच काम ‘स्पा’मध्ये करू लागली, की शेजारपाजारचे भुवया उंचावतात. मसाज पार्लरवर छापा, अशी बातमी वाचून आपण ज्या नजरेने पान उलटतो, ती नजर या मुलीला दर महिन्याला घर भाड्याने घेताना, लग्नाच्या गोष्टी चालताना सोसावी लागते. पुरुषालाही ‘मालिशवाला’ हा शब्द शिवीसारखाच ऐकावा लागतो. त्यामागे जात आहे, हे बोलायला आपण कचरतो. दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याचे काम आपल्या समाजाने ठरावीक जातींवर सोपवले आणि मग त्यालाच हलके ठरवले. वाग्भटाने मात्र दिनचर्येत रोजचा अभ्यंग सांगितला आहे.

आणि जिल्ह्यात ज्यांच्या अंगाला मालिशीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांना ती परवडत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. वाकून तोडणी आणि मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे, हे सहा-सहा महिने. मान आणि कंबर यांचे काय होत असेल ते सांगायला वैद्य लागत नाही. उचल फेडता फेडता ज्यांचा हंगाम संपतो, त्यांचा दुखण्यावरचा इलाज म्हणजे टपरीवरची गोळी.

चित्र काढणाऱ्याला मालिश चटकन जमते, असे या व्यवसायातली माणसे सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे. ज्याने माणसाची पाठ रेखाटली आहे, त्याला मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू कुठे सुरू होतो आणि कुठे पातळ होतो ते डोळ्यांनी माहीत असते. हातांनी कळायला थोडा काळ लागतो इतकेच. उलटही होते. दिवसभर माणसांच्या पाठी हाताळणारा संध्याकाळी कागद घेतो, तेव्हा त्याच्या आकृत्यांना वजन येते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी थकलेल्या देहाचा कललेला खांदा ज्या जाणकारीने काढला आहे, ती नुसत्या नजरेची जाणकारी वाटत नाही.

नाव आणि नोंद

मालिशीला कायद्याने जागा करून देणारे देश आहेत. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांना सुयांचे आणि मर्दनाचे शास्त्र शिकवण्याची परंपरा उभी केली. दक्षिण कोरियात तर मसाजचा परवाना फक्त दृष्टिहीनांनाच मिळतो. २००६ मध्ये तिथल्या घटनापीठाने ही अट रद्द ठरवली. तेव्हा अंध मालिशवाले रस्त्यावर उतरले, संसदेने नवा कायदा केला आणि २००८ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. थायलंडच्या मालिशीला २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. आपल्याकडेही नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांनी दृष्टिहीनांना हे काम शिकवले. महाबळेश्वरचे भावेश भाटिया आज मेणबत्त्यांच्या उद्योगासाठी ओळखले जातात. ऐन तारुण्यात दृष्टी गेल्यावर त्यांनी याच संस्थेत मेणबत्त्यांबरोबर मसाजचेही धडे घेतले आणि हातगाडीवरून सुरुवात केली. त्यांचाही रस्ता असाच वळणावळणांचा. फरक इतकाच की त्यांना हाताला धरून शिकवणारी संस्था भेटली.

आपल्याकडच्या कायद्यात मात्र मधली पायरीच नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने फिजिओथेरपिस्टांना स्वतंत्र वर्ग दिला, तो रास्तच. त्यासाठी बारावी विज्ञान आणि पुढे चार-पाच वर्षांची पदवी लागते. दुसऱ्या टोकाला कौशल्य विकासाचे स्पा थेरपिस्टचे काही महिन्यांचे प्रशिक्षण आहे; ते सौंदर्यप्रसाधनाच्या खात्यात मोडते. तालमीत, बाळंतघरात, घरोघरी जाऊन काम करणारा अनुभवी माणूस या दोहोंच्या मध्ये लोंबकळतो. नोंद हवी ती केवळ त्याच्या मानासाठी नव्हे. मणक्याची गादी सरकलेल्या माणसाची पाठ अडाणीपणाने रगडली तर तो अंथरुणाला खिळू शकतो. पायात रक्ताची गुठळी असेल तर चोळणे जिवावर बेतू शकते. कुठे हात लावायचा नाही, हे शिकवणारे सहा महिन्यांचे शिक्षण अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात का होऊ नये? तिथे शरीरशास्त्र शिकवणारे आहेत, रुग्ण आहेत आणि शिकायला येणाऱ्याला पुणे गाठावे लागणार नाही.

शहरात हे काम आता मोबाईलवरच्या कंपन्यांमार्फत मिळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्बन कंपनीच्या सौंदर्यसेवा व स्पाच्या कामातल्या महिलांनी कमिशन आणि दंडाच्या विरोधात गुरुग्रामला निदर्शने केली, तेव्हा हे कामगार आहेत हे देशाला पहिल्यांदा दिसले. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, पण लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडले. तिच्यात अशा ‘गिग’ कामगारांची व्याख्या आहे, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या निधीत भरायची तरतूदही आहे. अर्थात हे कंपनीमार्फत काम करणाऱ्यांना. कोथरूडच्या सोसायटीत ओळखीवर तीन घरे धरलेल्या माणसाला त्यातले काय मिळेल, सांगता येत नाही.

चित्राच्या बाजूने मागणे त्याहून सोपे आहे. विश्वकर्मा योजनेची यादी काही वेदवाक्य नव्हे. तिच्यात हाताने पाट्या आणि भिंती रंगवणाऱ्याचा एकोणिसावा आणि मालिशकाराचा विसावा व्यवसाय घालायला नवा कायदा लागू नये. आणि राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ‘दप्तराविना दहा दिवस’ सांगितले आहेत, ज्यात मुलांनी गावातले सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ बसून काम शिकायचे आहे. बीड जिल्हा परिषदेच्या शाळांनी त्या दहांतला एक दिवस सुटीवर गावी आलेल्या अशा एखाद्या माणसाला द्यायला काय हरकत आहे? सकाळी त्याने पाठीची हाडे फळ्यावर काढून दाखवावी, दुपारी मुलांनी एकमेकांचे खांदे चाचपून ती ओळखावी. त्याच्या मानधनाचे पैसे कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचे, एवढे मात्र मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना आधीच विचारून ठेवावे.