एकाच कामाचे यंत्र

व्यापारी घराण्यातील मुलांना मालकी आणि भाडे यांतील भेद वेगळा शिकवावा लागत नाही. तो दरमहा वहीत दिसतच असतो. संगीताच्या बाबतीत मात्र हा भेद पुसट झाला आहे. फोनवर गाणे वाजते म्हणून ते आपले वाटते; वस्तुतः ते बहुधा भाड्याचे असते. आजही काही मंडळी जुना वॉकमन किंवा आयपॉड जपून वापरतात. त्यांना जुन्याचा मोह सुटत नाही, असे म्हणण्यापूर्वी त्या व्यवहाराचा जमाखर्च पाहावा.

सोनी कंपनीचे सहसंस्थापक मासारु इबुका यांना विमानप्रवासात संगीत ऐकायचे होते. पत्रकारांसाठी बनवलेल्या छोट्या टेपरेकॉर्डरमधून ध्वनिमुद्रणाची सोय काढून, स्टिरिओ श्रवणाची सोय घालण्यात आली आणि १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये वॉकमन विक्रीस आला. मुद्रणच होत नाही असे यंत्र कोण घेणार, अशी शंका कंपनीतही होती. तथापि ३०,००० नगांची पहिली तुकडी ऑगस्टअखेर संपली. एक काम वजा केल्यानेच वस्तूला गिऱ्हाईक मिळाले. पुढे २००१ साली आलेल्या ॲपलच्या आयपॉडने हजार गाणी खिशात आणली. मे २०२२ मध्ये आयपॉडची निर्मिती थांबल्याचे जाहीर झाले. वापर मात्र थांबला नाही.

या व्यवहारात जमेची पहिली बाजू मालकीची. यंत्रात एकदा उतरवलेले स्वतःचे गाणे इंटरनेट किंवा मासिक वर्गणी न मागता वाजते. फोनवरील सेवांत मात्र वर्गणी थांबली की साठवलेली गाणीही बंद होतात आणि हक्कांचा करार संपला की एखादे गाणे यादीतून नाहीसे होते. एअरटेलची ‘विंक म्युझिक’ ही सेवाच २०२४ मध्ये गुंडाळण्यात आली. दुसरी बाजू दुरुस्तीची. वॉकमनचा सैल झालेला रबरी पट्टा बदलता येतो. अनेक जुन्या आयपॉडमध्ये नवी बॅटरी आणि हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवणारे कारागीरही आहेत.

नावेची बाजूही लपवू नये. सुटे भाग शोधावे लागतात, नवी गाणी संगणकावरून भरावी लागतात, दोन वस्तू बाळगाव्या लागतात. फुगलेली बॅटरी तर धोक्याची. असे यंत्र चार्ज न करता जाणकाराकडेच द्यावे. ज्यांना दर आठवड्याला नवी गाणी हवीत, त्यांना वर्गणीच परवडेल.

परंतु सर्वांत मोठी रक्कम वेगळ्याच खात्यात आहे. व्यापाऱ्याचा फोन म्हणजे त्याचे दुकान. पैसे जमा झाल्याचा संदेश, परगावच्या आडत्याचा निरोप, जीएसटीच्या तारखेची आठवण हे सर्व त्याच काचेवर उमटते. त्यामुळे फोनवर ऐकलेले गाणे गल्ल्यावर बसून ऐकल्यासारखे होते. अंतऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी गिऱ्हाइकाचा फोन येतो. गाणे बदलण्यासाठी उचललेला हात बाजारभाव पाहून अर्ध्या तासाने खाली येतो. जुन्या यंत्राला गिऱ्हाईक ठाऊक नसते. शिवाय त्यात कोणती गाणी भरायची हे आधी ठरवावे लागते आणि त्या निवडीतच आवड पारखली जाते.

ही गरज केवळ हौशी मंडळींची नाही. सारेगामाने २०१७ मध्ये सुमारे ५,००० गाणी आधीच भरलेला ‘कारवां’ आणला आणि बटण दाबताच वाजणाऱ्या त्या पेटीला घराघरांतील ज्येष्ठांनी आपलेसे केले.

घरातील कपाटात असे एखादे यंत्र पडून असेल, तर भंगारात देण्यापूर्वी ते एकदा तपासून घ्यावे. दुकान बंद झाल्यानंतरचा अर्धा तास त्याच्या वाट्याला द्यावा आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. महिनाभराने हिशेब ज्याचा त्याने करावा.