आठाचा अठ्ठेचाळीस झाला, पुढे काय?

२०१० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. उत्तर-दक्षिण मार्गांना सम, पूर्व-पश्चिम मार्गांना विषम. व्यवस्था सुबोध आहे, हे मान्य. काशीमिऱ्यावरून जाणारा आठ क्रमांकाचा महामार्ग अठ्ठेचाळीस क्रमांकाचा होऊन दिल्ली ते चेन्नई एका अंकाने जोडला गेला. (काशीमिऱ्यात तो अजूनही नुसता ‘हायवे’च आहे!)

परंतु अंक भार पेलत नाही. २०१३च्या अखेरीस घोडबंदरनजीक वसई खाडीवरील जुन्या वर्सोवा पुलाच्या तुळईला तडा गेला आणि अवजड वाहने रोखावी लागली. शेजारचा नवा पूल खुला होण्यास २०२३ उजाडले. क्रमांक बदलण्यास मात्र एक अधिसूचना पुरली होती!

तरीही प्रत्येक लोकप्रतिनिधीस आपल्या भागातील राज्यमार्ग ‘राष्ट्रीय’ हवा असतो. मग ‘तत्त्वतः मान्यता’ मिळते, अभिनंदनाचे फलक लागतात. तत्त्वतः मान्यता म्हणजे अधिसूचना नव्हे, हे कोणी सांगत नाही. राज्य हात आखडते, केंद्राचा निधी येत नाही, आणि रस्ता पोरका होतो. दर्जोन्नतीपूर्वी त्या मार्गावरील प्रत्येक पुलाची क्षमता तपासून खर्चाची तरतूद जाहीर झाली पाहिजे. तेवढी तयारी नसेल, तर तो राज्यमार्गच राहू द्यावा. खड्डा कोणी बुजवायचा, हे निदान ठाऊक तरी असेल.