काळवंडलेला पॉइंट: पावसाआधी घरोघरी पाहणी व्हावी

गिझरचा प्लग काढला की कित्येक घरांत सॉकेटच्या एका भोकाभोवती तपकिरी कडं दिसतं. पिनही काळी पडलेली असते. ‘चालतंय ना अजून’ म्हणून प्लग पुन्हा खोचला जातो. पण ते कडं म्हणजे प्लास्टिक आतून भाजत असल्याची खूण आहे. पावसाळ्याआधी प्रत्येक कुटुंबाने घरातले सगळे पॉइंट एकदा नीट पाहून घ्यावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

सॉकेटमधल्या पितळी पात्या पिनेला घट्ट धरतात. वापरून वापरून त्या सैल पडतात, नाहीतर मागच्या वायरचा स्क्रू ढिला होतो, आणि त्या जागी उष्णता तयार होऊ लागते. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर करंट घेतो. सैल जोडणीत नुसता अर्धा ओहम रोध आला, तरी तेवढ्याशा जागेत सुमारे ३८ वॅट उष्णता निघते. दुरुस्तीवाल्याचं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतं, यावरून अंदाज यावा.

‘एमसीबी आहे की, उडेल’ हा भरवसा इथे उपयोगाचा नाही. एमसीबी उडतो तो करंट प्रमाणाबाहेर वाढला की. सैल सॉकेटमध्ये करंट वाढतच नाही, म्हणून तो शांत बसतो आणि बोर्ड भाजत राहतो. ओळखायचं घरच्यांनीच. प्लग आपल्याच वजनाने लोंबतो का? बटण दाबलं की तडतड ऐकू येते का? इस्त्री चालू असताना जळका वास येतो का, किंवा काम झाल्यावर प्लग हाताला गरम लागतो का? यातलं एक जरी आढळलं तरी त्या पॉइंटचा वापर त्याच दिवशी थांबवावा. ओल आलेल्या भिंतीवरच्या बोर्डाला तर हातही न लावता आधी मेन स्विच बंद करावा.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. जुने वाडे, चाळी आणि गावाकडची घरं इथे लाकडी पट्टीवरून दोनच वायरी फिरवलेल्या असत. पुढे फ्रीज आला, वॉशिंग मशीन आलं, म्हणून तीन भोकांचं सॉकेट बसवलं गेलं. वरच्या मोठ्या भोकामागे मात्र अर्थिंगची वायरच नाही. सॉकेट नवं आणि चकचकीत असल्याने घरच्यांना शंकाही येत नाही. मग मशीनला हात लागला की झिणझिण्या येतात आणि घरातले चप्पल घालून कपडे धुवायला शिकतात. झिणझिण्या म्हणजे करंट बाहेर आल्याचा इशारा आहे; अशा वेळी चप्पल शोधण्याऐवजी वायरमनला बोलवावं. अर्थिंग खरंच आहे का, हे तपासणं त्याचं काम. घरच्यांनी वायरी जोडून प्रयोग करू नयेत. शिवाय करंट गळला की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून तो उडतो का हे पाहावं.

काही सवयी तर आजच सुटायला हव्यात. चार्जरच्या दोन पिना आत जाव्यात म्हणून वरच्या भोकात पेन खुपसलं जातं. पण त्याने उघडले जाणारे आतले पडदे लहान मुलांची बोटं आणि खिळे आत जाऊ नयेत म्हणूनच असतात. मोटरची उघडी वायर सॉकेटमध्ये घालून आगपेटीच्या काड्यांनी घट्ट केली जाते, हे त्याहून भयंकर. ६ अँपिअरच्या लहान पॉइंटची ताकद जेमतेम १३८० वॅट. कन्व्हर्जन प्लग लावून त्यावर गिझर किंवा पाणी तापवायचा मोठा रॉड चालवू नये.

सगळ्यात जास्त अडचण होते ती भाडेकरूंची. ‘घर मालकाचं’ म्हणून ते गप्प, आणि ‘तक्रार नाही’ म्हणून मालक निवांत. एका सॉकेटचा खर्च फारसा नसतो. घरमालकांनी तो टाळू नये, भाडेकरूंनीही काळवंडलेल्या पॉइंटचा फोटो काढून लगेच पाठवावा. सोसायट्यांच्या कमिट्यांनी एका रविवारी परवानाधारक वायरमन बोलवून प्रत्येक घराचे पॉइंट आणि इमारतीचं अर्थिंग तपासून घ्यावं. सुरुवात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरांपासून करावी.