दंड मोनफाल्कोनेत, तिकीट विश्वचषकाचे

युरोपातल्या क्रिकेटचा आपल्या मनातला नकाशा इंग्लंडपाशी संपतो. फार तर आयर्लंड आणि हॉलंड. त्यामुळे जुलै 2025 मध्ये इटली टी-ट्वेंटी विश्वचषकाला पात्र ठरली, तेव्हा आमच्या मित्रमंडळींत हशा पिकला. ‘सगळे बाहेरचेच भरले असतील!’ हा शेरा ठरलेलाच. मला तो शेराच तपासून पाहावासा वाटतो.

हेगच्या त्या पात्रता स्पर्धेत पाच संघ होते: हॉलंड, स्कॉटलंड, इटली आणि जर्सी व गर्न्सी ही दोन चिमुकली बेटे. जागा दोनच. इटलीने स्कॉटलंडला 12 धावांनी नमवले. अखेरच्या दिवशी जर्सीने स्कॉटलंडवर शेवटच्या चेंडूवर, एक गडी राखून मात केली आणि लाखभर वस्तीचे ते बेट पुढच्या सामन्याकडे डोळे लावून बसले. इटली हॉलंडकडून नऊ गड्यांनी हरली, पण गुण सारखे असूनही निव्वळ धावगतीवर जर्सीच्या पुढे राहिली. जर्सीसाठी जीव हळहळला, हे खरे.

आता ‘बाहेरचे’ कोण? तेव्हाचा कर्णधार ज्यो बर्न्स ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळलेला, आईकडून इटालियन. क्रिशन कलुगमगे श्रीलंकेहून किशोरवयात आलेला, पिझ्झा बनवणारा फिरकी गोलंदाज. जसप्रीत सिंगचा जन्म पंजाबातला. एकेकाळी पोटासाठी इटली सोडून गेलेल्यांचे वंशज आणि आज पोटासाठी इटलीत आलेली माणसे एका संघात खेळली. यात हसण्यासारखे काय आहे?

याच इटलीत, एड्रियाटिक समुद्राकाठी मोनफाल्कोने नावाचे गाव आहे. तिथल्या गोदीत प्रचंड प्रवासी जहाजे बांधली जातात आणि ती बांधायला बांगलादेशी कामगार आले. संध्याकाळी त्यांची पोरे बॅट घेऊन निघणारच. 2024 मध्ये बातमी आली, की गावात क्रिकेट खेळताना सापडल्यास 100 युरोपर्यंत दंड! कारण काय, तर मैदानाला जागा नाही, पैसा नाही आणि चेंडू कुणाला तरी लागेल. काचा आपल्या वाड्यांतही फुटल्या. म्हणून कुणी खेळच हद्दपार केला नाही. हात हवेत, पण त्या हातांतली बॅट नको, हा व्यवहार मला पटत नाही.

आपल्याला तर तो मुळीच पटू नये. 1848 मध्ये मुंबईच्या पारशांनी क्लब काढला तेव्हा क्रिकेट कुठे आपले होते? 1880 च्या दशकात गोऱ्यांच्या पोलोची घोडी मैदान तुडवतात म्हणून आपल्या खेळाडूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. पुढे समुद्राकाठी जिमखान्यांना जागा मिळाल्या.

मोनफाल्कोनेला जिमखानाही नको. एक सिमेंटची पट्टी आणि चहूबाजूंनी जाळी दिली, तर चेंडू कुणाला लागणार नाही.